संपादकाच्या पोटातील टपाल : ईमॅक्समधील पत्रव्यवहार आणि मराठी अभ्यासकाची गरज

संगणकाच्या परिभाषेत ‘संपादक’ म्हणजे व्यक्ती नव्हे. मजकूर लिहिणे, खोडणे, हलविणे, शोधणे ही कामे ज्या आज्ञावलीकडून करवून घ्यावयाची, त्या आज्ञावलीस हे नाव आहे. अशा संपादकाच्या पोटातच ईमेल वाचण्याची व लिहिण्याची व्यवस्था लावून घेणारे आणि माउसला शक्यतो हात न लावता केवळ कळफलकाच्या आधारे सर्व पत्रव्यवहार उरकणारे लोक जगभर आहेत. प्रथमदर्शनी हा प्रकार एखाद्या छांदिष्टाचा वाटतो. तथापि ज्यांचे संशोधन पत्रांवर चालते, म्हणजे ज्यांस निवेदकांची उत्तरे, परीक्षकांचे अभिप्राय, विद्यार्थ्यांचे कच्चे प्रकरणलेखन असे सर्व काही टपालानेच येते, त्यांनी या पद्धतीचा विचार केवळ छंद म्हणून करू नये असे प्रस्तुत लेखकास वाटते. बोलीविषयक एखादे उत्तर पाच वर्षांनी पुन्हा हवे झाले, तर ते सापडेल की नाही, हा प्रश्न आपल्या विषयात सोयीचा नसून पुराव्याचा आहे.

येथे उदाहरणासाठी ईमॅक्स हा संपादक आणि त्यातील एमयूफोरई हा टपालवाचक घेतला आहे. ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. टेको नावाच्या जुन्या संपादकावर रचलेल्या आज्ञासमूहांचे रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी एकत्रीकरण केले, आणि त्यावरूनच हे नाव पडले. आज प्रचारात असलेली ग्नू ईमॅक्स ही आवृत्ती स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांपुढे ठेवली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिचा गाभा लहान असून बाकीचा डोलारा लिस्प या भाषेच्या एका बोलीत लिहिलेला आहे, आणि ती बोली वापरणाऱ्यासही खुली आहे. त्यामुळे टपालवाचक हा संपादकास बाहेरून जोडलेला भाग राहत नाही. संपादकाच्याच भाषेत लिहिलेला तो आणखी एक ग्रंथ होतो. आरमेल हा असा जुना वाचक ईमॅक्सबरोबरच येतो. नूस हा दुसरा वाचक मासानोबू उमेदा यांनी वृत्तसमूह वाचण्यासाठी रचला आणि लार्स इंगेब्रिग्त्सन यांनी १९९४ पासून नव्याने लिहिला. त्यात टपालालाही वर्तमानपत्राचा न्याय लावलेला आहे : एकदा वाचलेले पत्र, त्यावर मुद्दाम खूण केली नसल्यास, पुढील वेळी यादीत दिसत नाही. नवख्या माणसास पत्रे नाहीशी झाल्याचा भास होतो तो यामुळेच. ती गेलेली नसतात. शिळ्या अंकासारखी बाजूला पडलेली असतात.

एमयूफोरई हा त्यामानाने अलीकडचा असून डर्क-यान बिनेमा यांनी रचलेला आहे. त्याची रचना समजण्यास कामाची वाटणी ध्यानात घ्यावी लागते. ब्राउझरमधून टपाल पाहणाऱ्यास सर्व कामे एकाच जागी होताना दिसतात. येथे ती चौघांत वाटलेली आहेत. दूरच्या सर्व्हरवरील पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेण्याचे व दोन्हीकडील स्थिती जुळविण्याचे काम एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप ही आज्ञावली करते. उतरवलेल्या पत्रांतील शब्दांची सूची एमयू ही आज्ञावली झापियन या शोधसंग्रहाच्या साहाय्याने तयार करते. पत्रे दाखविणे व लिहून घेणे हे एमयूफोरईचे काम. लिहिलेले पत्र रवाना करणे हे पुन्हा निराळ्या आज्ञावलीकडे. चार नोकर ठेवले म्हणजे चौघांची मर्जी सांभाळावी लागते हे खरे, आणि प्रथम मांडणी करताना दोन-तीन सुट्या खर्ची पडतात हेही खरे. परंतु यांतील एक बदलल्याने उरलेल्यांचे काम अडत नाही. कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला नॉटमच हा सूचीकार उतरवलेल्या त्याच पत्रांवर त्याच झापियनच्या आधारे काम करतो, फक्त खात्यांऐवजी खुणचिठ्ठ्यांची पद्धत वापरतो.

पत्रे ज्या रीतीने साठविली जातात तिला मेलडिर म्हणतात. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या टपालव्यवस्थेसाठी ती योजली. प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल. प्रत्येक खात्यात तीन कप्पे, एक अर्धवट उतरलेल्या पत्रांचा, दुसरा नव्यांचा, तिसरा पाहिलेल्यांचा. पत्र वाचले, त्यास उत्तर दिले, त्यावर महत्त्वाची खूण केली, या गोष्टी फाइलच्या नावाच्या अखेरीस एकेका अक्षराने नोंदल्या जातात. म्हणजे नावाला प्रत्यय लागतो, मूळ मजकुरास हात लागत नाही. एखाद्या आज्ञावलीचा कारभार बंद पडला तरी पत्रे साध्या फाइलींच्या रूपाने हाती राहतात. पदवी मिळाल्यावर किंवा सेवानिवृत्तीनंतर संस्थेचे टपालखाते अनेक ठिकाणी बंद होते. त्या वेळी हा फरक ध्यानी येतो.

आता कळांच्या वापराकडे वळू. एमयूफोरईमध्ये पत्रांची यादी समोर असताना डीची कळ दाबली की त्या पत्रावर टाकून देण्याची खूण होते. आर दाबल्यास दप्तरी ठेवण्याची, एम दाबल्यास दुसऱ्या खात्यात हलविण्याची. परंतु येथपर्यंत काहीच घडलेले नसते. खुणा केवळ संकल्परूप असतात. यूच्या कळीने एक खूण पुसता येते, मोठ्या यूने सर्व पुसता येतात, आणि एक्स दाबल्यावरच सर्व संकल्पांची एकदम अंमलबजावणी होते. याशिवाय तारांकनाची एक खूण अशी आहे की तिचा अर्थ ‘या पत्राचे काही तरी करावयाचे आहे, काय ते मागाहून सांगेन’ एवढाच. अंमलाच्या वेळी आज्ञावली तिचा अर्थ विचारते. व्याकरणात ज्यास आपण साकांक्ष पद म्हणतो त्याचाच हा नमुना. संपूर्ण चर्चेवर, म्हणजे एका पत्रातून निघालेल्या उत्तर-प्रत्युत्तरांच्या मालिकेवर, एका कळीने खूण करता येते. शंभर पत्रे आली असता त्यांतील ऐंशीचा निकाल न उघडता लावावयाचा असतो. त्या कामी निर्णय व कृती यांची ही फारकत फार उपयोगी पडते. मोठा डी मात्र जपून वापरावा. तो पत्र कचऱ्यात न टाकता कायमचे काढून टाकतो, आणि जुळणीची व्यवस्था तशी लावलेली असल्यास ते सर्व्हरवरूनही जाते.

ज्यांनी अष्टाध्यायी वाचली आहे त्यांस या पद्धतीत दोन ओळखीच्या गोष्टी दिसतील. कंट्रोलची कळ ही अनुबंधासारखी आहे. ती दाबली जाते परंतु मजकुरात तिचे रूप उमटत नाही. शेजारच्या कळीचे कार्य मात्र तिच्यामुळे बदलते. इत्संज्ञक वर्णाचा लोप होतो पण त्याने दर्शविलेले कार्य राहते, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट अधिकाराची. ईमॅक्समध्ये प्रत्येक पटलास एक ‘मोड’ असतो, आणि त्या पटलावर आहोत तोवर सर्व कळांचा अर्थ त्या मोडच्या अधिकारात ठरतो. पत्रयादीच्या पटलावर डी म्हणजे टाकून देणे. पत्रलेखनाच्या पटलावर डी म्हणजे डी हे अक्षर. साम्य येथेच थांबते, आणि ते फार ताणण्यात अर्थ नाही. पाणिनीचा अधिकार सूत्रपाठाच्या क्रमावर चालतो, मोडचा अधिकार पटलाबरोबर बदलतो. परंतु ‘एवढ्या कळा पाठ कशा करावयाच्या’ अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचे उत्तर यात आहे. कळा सुट्या पाठ करावयाच्या नसतात. थोडे धातू व थोडे उपसर्ग ओळखून बाकीची रूपे साधावयाची असतात. बहुतेक ठिकाणी आज्ञेच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर हीच कळ असल्याने ज्याचे इंग्रजी बरे आहे त्यास चार दिवसांत सराव होतो.

मराठीत लिहिणाऱ्यास मात्र येथे एक अडचण येते, आणि ती इंग्रजी पुस्तिकांत सहसा सांगितलेली नसते. संगणकाच्या मूळ व्यवस्थेतून इनस्क्रिप्ट कळफलक चालू ठेवून यादीच्या पटलावर गेल्यास आज्ञा चालत नाहीत. डीच्या कळीवर तेथे हलन्ताचे चिन्ह असते, एक्सच्या कळीवर अनुस्वार; आणि अनुस्वार दाबून पत्र टाकून देता येईल असे कोणी ठरविलेले नाही. प्रत्येक वेळी कळफलक बदलत बसावे लागले तर कळफलकावर चालणाऱ्या पद्धतीचा लाभ तो काय? यावर उपाय ईमॅक्सच्या आतच आहे. त्याच्या स्वतःच्या लेखनपद्धतींत देवनागरी इनस्क्रिप्ट आहे आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी साधणारी आयट्रान्सही आहे. कंट्रोलसह उलट्या तिरप्या रेघेची कळ दाबली की ती चालू होते व पुन्हा दाबली की बंद होते. ही लेखनपद्धती प्रत्येक पटलापुरती स्वतंत्र असते, आणि जेथे मजकूर लिहिता येत नाही त्या पटलावर ती आज्ञांच्या आड येत नाही. पत्र मराठीत लिहावे, यादीकडे परतावे, आणि कळा पूर्ववत् चालाव्यात, हे यामुळे शक्य होते. ईमॅक्सने आपली अंतर्गत वर्णव्यवस्था २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीत युनिकोडवर बेतली आणि २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून जोडाक्षरांच्या मांडणीसाठी हार्फबझचा आधार घेतला. तेव्हापासून देवनागरी वाचन पुष्कळच सुसह्य झाले आहे. निव्वळ टर्मिनलमध्ये ईमॅक्स चालविणाऱ्यास मात्र काने-मात्रा इतस्ततः विखुरलेल्या दिसण्याचा संभव राहतो. मराठी टपालासाठी स्वतंत्र खिडकीची आवृत्तीच घ्यावी.

शोध हा या पद्धतीचा खरा प्राण होय, आणि तेथेच मराठीचे प्रश्न सर्वांत अधिक आहेत. प्रथम सूचीची गरज का पडते ते पाहू. पत्रे साध्या फाइलींत आहेत, तर फाइलींतच शब्द का शोधू नये? इंग्रजी पत्राच्या बाबतीत बहुधा तसे करता येते. मराठी पत्राच्या बाबतीत नाही. ईमेलची मूळ रचना १९८२ च्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजाप्रमाणे केवळ इंग्रजी अक्षरांसाठी होती. इतर लिप्यांसाठी १९९२ मध्ये माइम ही पद्धती नेड फ्रीड व नॅथनिएल बोरेनस्टाइन यांनी मांडली. तीनुसार देवनागरी मजकूर प्रवासापुरता इंग्रजी अक्षरांचा वेष धारण करतो, आणि फाइलीत तो त्या वेषातच राहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते, आणि बेस६४ या रूपांतरात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. ‘पत्र’ या शब्दात प, त, हलन्त व र अशी चार चिन्हे आहेत. त्यांचे बारा बाइट, व त्यांची फाइलीत सोळा इंग्रजी अक्षरे. बरे, हा वेषही स्थिर नाही. शब्दापूर्वी आलेल्या बाइटांची संख्या तिनाने भागली असता बाकी काय उरते यावर अक्षरगटांची विभागणी अवलंबून असल्याने, आणि शब्दांमधली मोकळी जागा एकच बाइट घेत असल्याने, तोच शब्द तीन निरनिराळ्या रूपांत आढळू शकतो. पत्रांचे विषय व प्रेषकांची नावेही अशीच वेषांतरित असतात. तेव्हा प्रत्येक पत्राचा वेष उतरवून आतील खऱ्या शब्दांची नोंद ठेवणारा सूचीकार मराठी पत्रव्यवहारास अपरिहार्य ठरतो.

सूची झाली तरी सूचीकार व्याकरण जाणत नाही. नॉटमच शब्दाचे मूळ रूप शोधण्याचा प्रयत्न करतो खरा, परंतु त्याचा तो विचार इंग्रजी प्रत्ययांपुरता आहे. मराठीत नाम क्वचितच एकटे येते. ‘प्रबंध’ असा शोध घेतल्यास ‘प्रबंधाविषयी’, ‘प्रबंधातील’, ‘प्रबंधास’ ही रूपे हाती लागत नाहीत. शब्दाच्या अखेरीस तारांकन दिल्यास त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द मिळतात, व ‘प्रबंध*’ पुरेसे होते. परंतु सामान्यरूपात जेथे अंग बदलते तेथे हा उपाय लंगडा पडतो. ‘मूल*’ या शोधात ‘मुलांची’ सापडत नाहीत, ‘फूल*’ मध्ये ‘फुले’ नाहीत, ‘पाऊस*’ मध्ये ‘पावसाळा’ नाही. तेथे दोन्ही अंगे ‘किंवा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने जोडून द्यावी लागतात. गावांच्या नावांत तर मौज आहे. ‘पुणे*’ मध्ये ‘पुण्याहून’ आलेले पत्र येत नाही, म्हणून ‘पुण्य*’ शोधावे, तर पुण्यकर्मांचा उल्लेख असलेली पत्रेही पुण्याच्या पत्रांबरोबर उभी राहतात.

याहून सूक्ष्म अडचण लेखनाची आहे. ‘साताऱ्याला’ या शब्दातील र्‍हस्वसदृश अर्धा र, ज्यास आपण चंद्रकोरीसारखा म्हणून ओळखतो, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ०९३१ या सांकेतांकाचे ‘ऱ’ हे अक्षर व हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडणारे चिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखेच. यंत्रास ती दोन भिन्न वर्णमाला होत, आणि युनिकोडच्या समानरूपतेच्या नियमांनीही ती एक ठरत नाहीत. म्हणून ‘साऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘अपुऱ्या’ अशा शब्दांचा शोध एकाच रूपाने घेतल्यास दुसऱ्या रूपात लिहिलेली पत्रे मिळतीलच अशी हमी नाही. ‘सातार*’ असे शोधून निश्चिंत राहणाऱ्यासही हेच लागू. त्यातील र साधा आहे. ‘साता*’ एवढ्यावर थांबणे अधिक सुरक्षित, मग थोडा पालापाचोळा आला तरी चालेल. ‘ॲ’ या स्वराचेही तसेच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्यास स्वतंत्र सांकेतांक मिळाला; त्यापूर्वीचे, आणि आजही पुष्कळांचे, लेखन ‘अ’ वर अर्धचंद्र देऊन होते. एखादे अक्षर नेमके कोणते आहे याची शंका आल्यास ईमॅक्समध्ये कर्सर त्यावर ठेवून प्रथम कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स व बरोबरीचे चिन्ह दाबावे. त्या चिन्हाचा सांकेतांक, नाव व गुणधर्म लगेच समोर येतात. बोलीनमुन्यांचे लिप्यंतर तपासणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ या एका सोयीसाठीही ईमॅक्स शिकणे परवडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शोधास इतर बंधनेही घालता येतात : प्रेषक, प्राप्तकर्ता, दोन दिनांकांमधील काळ, न वाचलेली स्थिती, सोबत फाइल असणे. एका शोधाचे फळ समोर असताना तिरप्या रेघेची कळ दाबून त्यातच आणखी अट घालता येते. नेहमी लागणारा शोध नाव देऊन ठेवता येतो, आणि मग तो एखाद्या खात्यासारखाच वागतो. यामुळे पत्रे विषयवार खात्यांत लावण्याची यातायात पुष्कळशी व्यर्थ ठरते. एक पत्र दोन विषयांचे असू शकते ही अडचण खाती पाडणाऱ्यास सुटलेली नाही.

उत्तर लिहिण्यास बसल्यावर पटल पूर्णतः संपादकाचे होते. आलेला मजकूर उद्धृतचिन्हांसह समोर असतो, त्यातील हवा तेवढा ठेवून ओळींच्या मधे उत्तर देता येते, शेजारच्या पटलावर आपला प्रबंध किंवा शब्दयादी उघडी असते, व तिच्यातून उतारा घेण्यास संपादक सोडावा लागत नाही. मट हा १९९५ पासूनचा मायकेल एल्किन्स यांचा टपालवाचकही कळफलकावरच चालतो, परंतु लिहिण्यासाठी तो दुसऱ्या संपादकास बोलावतो. येथे ती ये-जा नाही. कंट्रोल-सी दोनदा दाबले की पत्र जाते. याहूनही महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक ईमेलला जन्मतः एक अद्वितीय ओळख-क्रमांक असतो, आणि कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग या ईमॅक्समधील टिपणपद्धतीत त्या क्रमांकाचा दुवा साठविता येतो. ‘या शब्दाचा हा अर्थ अमुक निवेदकाने कळविला’ असे टिपण करताना त्या पत्राचाच दुवा शेजारी ठेवावा. पत्र पुढे दुसऱ्या खात्यात हलविले तरी सूची अद्ययावत असेपर्यंत दुवा तुटत नाही. पत्रावर आधारलेले विधान व ते पत्र यांची गाठ लेखनाच्या क्षणीच बांधली जाते, हा लाभ माझ्या मते इतर सर्व लाभांहून मोठा.

काही गोष्टी या पद्धतीस जमत नाहीत. रंगीत मांडणीची पत्रे ईमॅक्स साध्या मजकुरात उतरवून दाखवितो आणि तक्त्यांची त्यात दैना होते. पत्र उघडताच दूरची चित्रे आपोआप आणू न देण्याची सोय मात्र उपकारकच म्हणावी, कारण पत्र कोणी कधी उघडले याची टेहळणी पुष्कळदा अशा चित्रांमार्फत चालते. बैठकांची निमंत्रणे, सामायिक दिनदर्शिका ही कामे ब्राउझरवर सोडलेली बरी. संपूर्ण पत्रसंग्रह आपल्या संगणकावर उघड्या फाइलींत असल्याने, ज्या निवेदकांनी विश्वासाने माहिती दिली त्यांच्या खासगीपणाची जबाबदारीही आपल्यावर येते. संगणकाची डिस्क कूटबद्ध केल्याशिवाय ही पद्धती अंगीकारू नये, आणि संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या जागी ठेवावी.

शेवटची अडचण प्रवेशाची. पूर्वी नाव व परवलीचा शब्द दिला की कोणतीही आज्ञावली टपाल उतरवू शके. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आपल्या संस्थात्मक टपालसेवेत ती बंद करण्यास आरंभ केला. आता वैयक्तिक जीमेलसाठी दुहेरी पडताळणी चालू करून त्या आज्ञावलीपुरता स्वतंत्र परवलीचा शब्द काढता येतो. संस्थेच्या खात्यात ओऑथ नावाच्या परवानापद्धतीतून जावे लागते, आणि बाहेरच्या आज्ञावलीस असा परवाना द्यावयाचा की नाही हे संस्थेचा संगणकव्यवस्थापक ठरवितो. म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ईमॅक्स उतरवून घेण्यापूर्वी त्या व्यवस्थापकास एक पत्र लिहावे, व त्यात आयमॅपने टपाल उतरविण्याची मुभा आहे काय एवढेच विचारावे.